मदत हवी आहे: गावठाणातील वाड्याला वारशाचे संरक्षण मिळवताना राहणाऱ्यांची घरे कशी वाचवावीत?

सर्वांना नमस्कार.

जुन्या नाशिकमध्ये, भद्रकालीकडून गोदावरीकडे उतरणाऱ्या एका बोळात आमचा दोन चौकी वाडा आहे. 'आमचा' म्हणतो ते सवयीने. कागदोपत्री आम्ही भाडेकरू आहोत. पहिल्या चौकात आमची चार कुटुंबे राहतात आणि मागच्या चौकात मालक व त्यांच्या ऐंशी ओलांडलेल्या आई. यंदा मे महिन्याच्या अखेरीस दिंडी दरवाजावर धोकादायक इमारतीची नोटीस लागली आणि त्याच आठवड्यात एक विकासक मालकांना भेटून गेला. मालकांना वाडा पाडायचा नाही, पण संपूर्ण दुरुस्तीचा खर्च त्यांना एकट्याने झेपणारा नाही. वाडा टिकावा असे आम्हा सर्वांनाच वाटते. मात्र एकदा 'वारसा' असा शिक्का बसला की खिळा ठोकायलाही परवानगी लागेल आणि शेवटी भाडेकरूंनाच बाहेर पडावे लागेल, असे शेजारी सांगतात. म्हणून हा प्रश्न सविस्तर मांडतो आहे.

वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, चिरेबंदी आहे. त्यावर विटांच्या भिंती आणि सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा उभा आहे. ओसरीच्या डाव्या हाताच्या खांबावर मालकांच्या आईंनी, आम्ही त्यांना आजी म्हणतो, गेरूने पुरांच्या खुणा करून ठेवल्या आहेत. सर्वांत वरची रेघ १९६९ च्या महापुराची असून ती माझ्या खांद्याला लागते. १९ सप्टेंबर २००८ ची कमरेच्या वर, आणि २ ऑगस्ट २०१६ ची तिच्या वीतभर खाली. इतक्या वेळा पाणी शिरूनही खांब ओळंब्यात आहेत. बिघाड आहे तो वर. पश्चिमेकडील माडीची पन्हळ फुटल्यापासून पाणी भिंतीत मुरते आणि तेथील एका तुळईचे भिंतीतले टोक कुजले आहे. ओळखीच्या सुतारमामांनी ती तुळई हातोडीने ठोकून दाखवली, तेव्हा मधल्या भागातून टणक आवाज आला आणि भिंतीपासून हातभर अंतरावर तो एकदम बद्द झाला. त्यांचे म्हणणे असे की एवढे टोक कापून नवा सागवानी तुकडा सांधता येईल आणि त्यासाठी वाडा पाडण्याची गरज नाही. मला ते पटले, पण सुतारमामांचा शब्द नोटिशीला उत्तर म्हणून देता येत नाही.

आता संरक्षणाविषयी वाचून आणि विचारून जे समजले ते सांगतो. चुकले असल्यास कृपया दुरुस्त करावे. आपल्या जिल्ह्यातील पांडवलेणी, त्र्यंबकेश्वराचे मंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही स्मारके केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. शहरातील सरकारवाडा आणि सुंदरनारायण मंदिर राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली राज्य संरक्षित आहेत. या दोन्ही कायद्यांत सरकार आधी हेतू जाहीर करते, दोन महिने हरकतींसाठी देते आणि मगच स्मारक संरक्षित म्हणून घोषित होते. आमच्या वाड्यासारखी राहती, साधी वास्तू या दोन्ही यादींत जाणे कठीण आहे आणि खरे सांगायचे तर तशी आमची मागणीही नाही. आमच्या वाड्यात कोणी सरदार राहिला नाही, तेथे कोणता तहही झाला नाही. तेथे माणसे राहत आली, एवढेच त्याचे महत्त्व आहे, आणि ते मला कमी वाटत नाही.

उरतो तिसरा मार्ग, महानगरपालिकेच्या वारसा यादीचा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या आधारे, मुंबईत १९९५ पासून आणि आता २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतून राज्यातील इतर शहरांतही, वास्तूंची पहिली, दुसरी आणि तिसरी अशी श्रेणी ठरवून वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्याने परवानग्या देण्याची व्यवस्था आहे. माझे प्रश्न येथूनच सुरू होतात. धोकादायक इमारतीची नोटीस आधीच लागलेली असताना वारसा यादीत समावेशासाठी अर्ज करता येतो का, आणि अर्ज केल्याने पाडकाम आपोआप थांबते का? श्रेणी मिळाल्यावर स्वयंपाकघराचा ओटा बदलणे किंवा न्हाणीघर बांधणे यालाही समितीची परवानगी लागते का? मालकांचा जो विकासाचा हक्क कमी होईल, त्याचा मोबदला त्यांना कोणत्या रूपात मिळतो? आणि भाडेकरू म्हणून आमचे स्थान काय? अर्ज आम्ही करायचा की मालकांनीच करायला हवा?

आणखी एक. बोळाच्या तोंडाशी सार्वजनिक न्यासाची एक जुनी धर्मशाळा आहे आणि तीही विकली जाणार अशी कुजबुज आहे. तिच्याबाबत रहिवाशांना काही म्हणता येते का? पावसाळा सुरू झाला आहे, त्यामुळे कोणते पाऊल आधी उचलावे हे समजणे आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद

नमस्कार. मी स्थापत्य अभियंता आहे आणि जुन्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींची कामे केली आहेत. आपण शेवटी जे विचारले, त्याचेच उत्तर आधी देतो, कारण क्रम चुकला तर बाकी सर्व व्यर्थ जाईल. वारसा यादी नंतर, नोटिशीचे उत्तर आज.

नोटीस महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची असेल, तर ती पुन्हा नीट वाचा. त्या कलमात पाडणे हा एकच पर्याय नाही. इमारत सुरक्षित करणे किंवा दुरुस्त करणे हेही आहे. लोक 'धोकादायक' हा शब्द वाचतात आणि पुढचे वाचतच नाहीत. आपली इमारत कोणत्या वर्गात टाकली आहे ते पाहा. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-२बी म्हणजे माणसे राहत असतानाच रचनात्मक दुरुस्ती करण्याची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सी-१ आणि सी-२बी यांच्यातील अंतर म्हणजे चार कुटुंबांचे घर. लाकडी बांधकामाची जाण असलेल्या संरचना अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्या आणि त्यात प्रत्येक खांब व तुळईला क्रमांक देऊन तिची स्थिती लिहून घ्या. फक्त आरसीसीची कामे केलेला अभियंता सागवानाकडे पाहून 'आयुष्य संपले' असे सहज लिहून जातो. मी असे अहवाल पाहिले आहेत आणि त्यांच्या आधारे निरोगी वाडे पडलेलेही पाहिले आहेत. दोन अहवाल परस्परविरोधी निघाले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेण्याची मागणी करता येते.

तोपर्यंत त्या कुजलेल्या टोकाखाली टेकू द्या. आजच. संवर्धनावरची कोणतीही चर्चा त्या टेकूपेक्षा महत्त्वाची नाही. पन्हळ दुरुस्त करा आणि भिंतीच्या ओल्या भागावर सिमेंटचा गिलावा मुळीच करू नका. सिमेंट ओल आत कोंडून ठेवते आणि लाकूड भिंतीच्या आतून कुजत जाते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडते.

भाडेकरूंसाठी एक गोष्ट फार मोलाची आहे. इमारत रिकामी करण्याची वेळ आलीच, तर बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्राचे मोजमाप करून त्याची लेखी नोंद घ्या. पुढे पुनर्बांधणीत आपला हक्क याच कागदावर उभा राहतो. भाडेपावत्या, घरपट्टी, वीजबिले आणि मिळकत पत्रिकेचा उतारा एकत्र ठेवा.

आता यादीविषयी. अर्ज केल्याने पाडकाम आपोआप थांबत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका. आपला नगर भूमापन क्रमांक यादीत आधीपासून आहे का, हे नगररचना विभागाकडे माहितीच्या अधिकारात विचारा. नसेल, तर प्रस्ताव कोणीही नागरिक मांडू शकतो. यादी अंतिम करण्यापूर्वी लोकांकडून हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. तरीही मालकांची सही असलेला प्रस्ताव आणि नसलेला प्रस्ताव यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माझा आग्रह आहे की त्यांच्यासोबतच जा.

श्रेणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. पहिली श्रेणी मिळालेल्या वास्तूत जवळपास हात लावता येत नाही, हे खरे आहे. दुसऱ्या श्रेणीत मूळ रूप राखून आतील बदल व नवा वापर करता येतो. तिसरी श्रेणी रस्त्याच्या किंवा वस्तीच्या एकूण स्वरूपासाठी महत्त्वाच्या वास्तूंची असते आणि तिच्यात बदलांना बरीच मोकळीक असते. आपला वाडा बहुधा या शेवटच्या दोहोंपैकी एकात बसेल. ओटा आणि न्हाणीघर यांसाठी कोणी घर सोडायला लावत नाही. मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतात, म्हणजे वाड्यावर न वापरता येणारे बांधकामक्षेत्र ते दुसरीकडे वापरण्यासाठी विकू शकतात. त्यातून दुरुस्तीचा खर्च निघू शकतो आणि विकासकाला नकार देण्याचे बळ येते.

आजींच्या गेरूच्या रेघांचे छायाचित्र, शेजारी मोजपट्टी धरून, प्रस्तावाला अवश्य जोडा. तसेच वाडा निळ्या पूररेषेच्या आत येतो का, ते तपासा. ही रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात आणि तिच्या आतील नव्या बांधकामावर कडक बंधने आहेत. विकासक आज जे मजले दाखवतो आहे ते उद्या मंजूर होतीलच असे नाही, हे मालकांनी पाडण्याआधी समजून घ्यावे. पाडल्यावर समजून उपयोग नाही.

धर्मशाळेचे उत्तर सोपे आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तसा अर्ज दाखल झाला आहे का, याची धर्मादाय कार्यालयात चौकशी करा आणि असल्यास लेखी हरकत नोंदवा.

प्रतिसाद

मी त्र्यंबकचा आहे आणि आमचे घर मंदिरापासून शंभर मीटरच्या आत येते. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट अनुभवावरून सांगावीशी वाटते, कारण नाशिकमधील बरेच लोक आमचे नियम स्वतःला लावून घाबरतात. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही. दुरुस्ती मात्र १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची करता येते, आणि तीही सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून. आमच्या मागील पडवीचे छप्पर बसले, तेव्हा घर त्या तारखेपूर्वीचे आहे हे सिद्ध करायला वडिलांच्या पेटीतील घरपट्टीच्या पावत्या कामी आल्या. त्या नसत्या तर आम्ही आजही ताडपत्रीखाली असतो. अर्ज दोनदा त्रुटी काढून परत आला आणि तेवढ्या काळात एक पावसाळा गेला. देवळाविषयी आमच्या मनात श्रद्धाच आहे, पण देवळाभोवती पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनाही त्या वारशात धरावे, एवढी अपेक्षा आहे. आपला वाडा महापालिकेच्या यादीत गेला, तर हे अंतराचे नियम आपल्याला लागू होणार नाहीत. तेवढी भीती मनातून काढा.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. नोटीस पुन्हा वाचली. तिच्यात 'पाडावी अथवा दुरुस्त करावी' असेच शब्द आहेत. आम्ही इतके दिवस पहिल्याच शब्दापाशी थांबलो होतो. काल सुतारमामांनी तुळईखाली दोन सागवानी टेकू दिले आणि पन्हळीला तात्पुरता पत्रा ठोकला. मालकांसोबत ओसरीवर बसून सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. विकास हक्क विकता येतात हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी विकासकाला महिनाभर थांबण्यास सांगितले आहे आणि प्रस्तावावर सही करण्याची तयारी दाखवली आहे. चारही कुटुंबांनी आपापल्या खोल्यांचे मोजमाप करून घेतले. आजींनी मात्र माजघरातील कोनाडाही त्यात धरावा असा हट्ट धरला, आणि तो धरला आहे.

आता दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. लाकडी सांगाड्याचे काम जाणणारा संरचना अभियंता नाशिकमध्ये कोणाच्या परिचयाचा असल्यास कृपया मला व्यक्तिगत संदेशातून कळवावे, कारण नोटिशीचे उत्तर देण्यास नऊ दिवस उरले आहेत. आणि कोणाच्या घरी भद्रकाली ते नदीकाठ या भागातील १९६९ च्या पुराची छायाचित्रे असतील, तर त्यांची प्रत हवी आहे. खांबावरची वरची रेघ त्यांच्याशी ताडून पाहायची आहे.