ग्रीक पुराणकथा स्त्रियांच्या तोंडून: या कादंबऱ्यांत खरोखर नवे काय आहे?

प्रश्न

ग्रीक पुराणकथा स्त्रीपात्रांच्या बाजूने सांगणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांची गेल्या काही वर्षांत रीघ लागली आहे. त्यांपैकी मॅडलिन मिलर यांची ‘सर्सी’ (२०१८) मी नुकतीच वाचली आणि ती मनापासून आवडली. प्राचीन ग्रीक कवी होमर याच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या दहाव्या सर्गात खलाशांची डुकरे करणारी चेटकीण इथे आपले शतकानुशतकांचे आयुष्य स्वतः सांगते. आश्रयाला आलेल्या, तिने पोटभर जेवू घातलेल्या खलाशांचा म्होरक्याच तिच्यावर बलात्कार करतो, हा प्रसंग वाचल्यावर त्या डुकरांकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. मात्र त्यानंतर याच धर्तीच्या आणखी दोन कादंबऱ्या हाती घेतल्या आणि त्या अर्ध्यावरच सोडल्या, कारण त्यांतल्या नायिका आजच्या मतांचे भाषण करत आहेत असे सतत वाटत राहिले. निवेदन पुरुषाकडून काढून स्त्रीकडे सोपवले, एवढ्याने कथा नवी होते का? आणि मूळ महाकाव्ये न वाचता या कादंबऱ्या वाचल्यास काय निसटते?

प्रतिसाद १

माझ्या मते यांतल्या चांगल्या कादंबऱ्या मूळ काव्यानेच उघडे ठेवलेल्या दारातून आत शिरतात. ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या ‘इलियड’मधील अकिलीस आणि अॅगमेम्नॉन या ग्रीक योद्ध्यांचे भांडण ज्या ब्रिसीसवरून पेटते, ती बंदिवान स्त्री संपूर्ण काव्यात एकदाच बोलते; एकोणिसाव्या सर्गात, अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर पडून. माझ्या नवऱ्याला अकिलीसने मारले, त्याच युद्धात माझे तीन भाऊ पडले, आणि तेव्हा तू मला रडू दिले नाहीस, अकिलीसशी तुझे रीतसर लग्न लावून देईन म्हणालास, असे ती म्हणते. पाठोपाठ होमर सांगतो की, इतर स्त्रियाही रडल्या. निमित्त पॅट्रोक्लसचे, पण प्रत्येकीचे दुःख आपापले.

पॅट बार्कर यांची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ (२०१८) मला या एका ओळीचा विस्तार वाटते. रक्ताने माखलेले कपडे धुणे, मागावर बसणे, रोगाची साथ आल्यावर आजाऱ्यांची सेवा करणे, मेलेल्यांना अंघोळ घालणे, अशी छावणीतल्या स्त्रियांची रोजची कामे त्यात इतक्या बारकाईने येतात की युद्ध मागे पडते आणि छावणीच कथेचा विषय होते. ट्रॉयचा प्रायम राजा आपल्या मुलाला मारणाऱ्या अकिलीसचे हात चुंबतो, हा चोविसाव्या सर्गातला प्रसंग आजवर करुणेचे शिखर मानला गेला आहे. बार्कर यांची ब्रिसीस तो जवळून पाहते आणि तिच्या मनात येते की, नवऱ्याच्या आणि भावांच्या मारेकऱ्याच्या शय्येवर जाणे तर असंख्य स्त्रियांच्या वाट्याला आले आहे. मूळ प्रसंग ठाऊक नसेल तर या विचाराची धार निम्म्याने कमी होते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. पण बार्कर यांनी मध्येच काही प्रकरणे अकिलीसच्या बाजूने लिहिली आहेत आणि तिथे कादंबरी पुन्हा त्याच्याच हाती जाते, असे मला वाटते. माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. यांतल्या बहुतेक कादंबऱ्या राण्या, राजकन्या आणि देवता यांच्यापाशीच थांबतात. ज्यांना मूळ काव्यात धड नावही नाही, त्यांच्याकडे फारसे कोणी वळत नाही.

म्हणूनच मार्गारेट अॅटवुड यांची ‘द पेनेलोपियाड’ (२००५) मी सर्वांत वर ठेवतो. ‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गात राणी पेनेलोपीच्या मागणीदारांची कत्तल झाल्यावर बारा दासींना आधी प्रेते बाहेर काढायला लावतात, मेजे आणि खुर्च्या स्पंजाने धुऊन घेतात, आणि मग राणीचा मुलगा टेलेमॅकस त्यांना गलबताच्या दोराने एका ओळीत फाशी देतो. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, इतकेच होमर सांगतो. अॅटवुड यांच्या कादंबरीत पेनेलोपी पाताळातून आपली बाजू मांडत असताना या बारा जणी गाणी म्हणत आणि खटला चालवत तिचे निवेदन वारंवार तोडतात. मागणीदारांत मिसळून बातम्या काढायला पेनेलोपीनेच त्यांना सांगितले होते, त्यामुळे तीही निर्दोष उरत नाही. नायिकेलाच जाब विचारण्याचे हे धैर्य नंतरच्या कादंबऱ्यांत मला फार कमी दिसले.

प्रतिसाद ३

ही प्रथा आजची नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीसची नायिका मेडिया इ. स. पू. ४३१ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर म्हणत होती की, एकदा बाळंत होण्यापेक्षा ढाल घेऊन तीनदा रणांगणात उभी राहीन. रोमन कवी ओव्हिडने पेनेलोपी, ब्रिसीस आणि एरिआडनी यांची पत्रे लॅटिनमध्ये लिहिली. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा वोल्फ यांची ‘कासांड्रा’ १९८३ ची आहे. ग्रीसमधील मायसीनीच्या सिंहद्वारापाशी मरणाची वाट पाहणारी ट्रॉयची राजकन्या कासांड्रा तीत ट्रॉयचा शेवट आठवते.

निवेदन सोपवल्याने भागते का, याचे उत्तर मराठी वाचकाला खांडेकरांच्या ‘ययाति’तही (१९५९) सापडेल. तिथे देवयानी आणि शर्मिष्ठा दोघीही स्वतःच्या तोंडून बोलतात, तरी देवयानीच्या अपमानाला पुरेसा न्याय मिळाला असे मला कधीच वाटले नाही, कारण कादंबरीची सहानुभूती आधीच दुसरीकडे झुकलेली आहे.

मूळ काव्ये वाचायची असतील तर एमिली विल्सन यांची इंग्रजी भाषांतरे (‘ओडिसी’ २०१७, ‘इलियड’ २०२३) सहज वाचवतात. सगळे काव्य आधी संपवण्याची गरज नाही. ‘इलियड’चे पहिला, एकोणिसावा आणि चोविसावा हे तीन सर्ग वाचून बार्कर घ्या, आणि ‘ओडिसी’चा बाविसावा सर्ग वाचून लगेच अॅटवुड.