मालक सरकार, मग बिल चर्चला का?

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या आगीनंतरच्या दुरुस्तीबद्दल ‘चर्च (म्हणजे कॅथलिक धर्मसंस्था) एवढं श्रीमंत आहे, त्यांनीच पैसे भरावेत’ असं दोघातिघांनी लिहिलंय. पण नोत्र दाम चर्चच्या मालकीचं नाहीच. धर्म आणि सरकार वेगळे करणाऱ्या १९०५ च्या कायद्यानुसार ते फ्रेंच सरकारचं आहे, चर्चला फक्त उपासनेसाठी वापरण्याचा हक्क. शिवाय सरकार आपल्या अशा इमारतींचा विमा उतरवत नाही, त्यामुळे १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर विमा कंपनीचा प्रश्नच नव्हता. कायद्याने बोट सरकारकडेच जातं. प्रत्यक्षात मात्र सुमारे ८४ कोटी युरो देणग्यांतून आले आणि दुरुस्ती त्यावर झाली.

मला खटकतं ते आगीच्या आधीचं. छप्पर-कमानींची झीज दिसत होती, अमेरिकेत देणग्या मागणं २०१७ पासूनच चालू होतं, पण प्रतिसाद बेताचाच. मनोरा कोसळताना जगाने टीव्हीवर पाहिला आणि दोन दिवसांत कोट्यवधींच्या घोषणा! आमच्या वाशीच्या सोसायटीत हेच चालतं: गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला वर्गणी मागा, सगळे मीटिंगमधून गायब, स्लॅबचा तुकडा पडला की चेक हजर. (आमच्याकडे अर्थात करसवलत मिळत नाही, तिथे देणगीदारांना मिळते. म्हणजे त्या ‘दाना’तलाही काही वाटा शेवटी सरकारी तिजोरीचाच. मोठी देणगी जाहीर करणाऱ्या पिनो या फ्रेंच उद्योजक कुटुंबाने ती सवलत नाकारली, हे मान्य.) म्हणून देणग्या जरूर घ्या, पण रोजच्या देखभालीचा खर्च मालकाने, म्हणजे सरकारने, बजेटमध्येच धरावा. २०२४ मध्ये तिथल्या सांस्कृतिक मंत्र्यांनी मात्र देशातल्या धार्मिक वास्तूंच्या जतनासाठी नोत्र दाममध्ये पर्यटकांना पाच युरो तिकीट सुचवलं होतं. चर्चने प्रवेश मोफतच राहील म्हणून विरोध केला. मला विचाराल तर चर्चचं बरोबर होतं.