बास्केट हिल्टला मराठीत काय म्हणाल?

सांजवारा: स्कॉटिश हायलँडर्सवरचा (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक) एक लेख मराठीत करतेय. 'बास्केट हिल्टेड ब्रॉडस्वर्ड'चं संपादकांनी 'टोपलीच्या मुठीची तलवार' केलंय. वाचताना भाजीवालीच डोळ्यांपुढे येते! लोखंडी पट्ट्यांची जाळी, पंजा पूर्ण आत, आतून कातड्याचं अस्तर. सुटसुटीत शब्द सुचवा.

आडवाटकरी: परज. आपला शब्द असताना टोपल्या कशाला विणायच्या?

शिळोप्या: परज म्हणजे बोटांपुढची कमान. खांड्यालाही परज असते, पण हात बाजूंनी उघडाच. इथे पिंजरा आहे. 'जाळीची मूठ' म्हणा.

दर्यावर्दी: काहीही म्हणा, 'क्लेमोर' तेवढं लिहू नका. गेलिकमध्ये, म्हणजे हायलँडर्सच्या भाषेत, त्याचा अर्थ मोठी तलवार, ती दोन हातांनी चालवायची.

सांजवारा: अहो, १८व्या शतकात या जाळीवालीलाही तेच म्हणत.

दर्यावर्दी: म्हणत असतील. लोक डालडालाही तूप म्हणतात.

शिळोप्या: लेखात किलिक्रँकीची लढाई येतेय का? १६८९. हायलँडर्सनी एकदा बार काढला, बंदुका टाकल्या आणि तलवारी उपसून उतारावरून सुटले. समोरच्यांची संगीन बंदुकीच्या नळीत खोचायची, म्हणजे खोचली की गोळीबार बंद. ती खोचेपर्यंत हे अंगावर. १७४६ला कलोडनच्या लढाईत तो डाव चालला नाही. संगीन लावूनही गोळी झाडता येत होती, शिवाय तोफा होत्या.

मुलूखमैदानी: गंमत म्हणजे या तलवारींची पाती बरीचशी जर्मनीची, झोलिंगेनची, मुठी तेवढ्या स्कॉटलंडच्या. आपल्या फिरंगी तलवारीचंही तेच, पातं युरोपचं नि मूठ इथली. मग हिलाही फिरंगच म्हणा की.

दर्यावर्दी: फिरंग्याच्या कमरेला लटकली तरी फिरंगच? धन्य!

निवृत्त_फौजी: आमच्यासाठी क्लेमोर म्हणजे सुरुंग. अमेरिकनांनी नाव त्या तलवारीवरूनच घेतलं.

आडवाटकरी: सुरुंग राहू दे. 'परजणे' हे क्रियापद परजवरूनच आलं ना? मूठ धरून फिरवणे.

शिळोप्या: छे. परजणे म्हणजे धार लावणे. आमच्या आजोळी विळे परजायचे.

आडवाटकरी: धार सहाणेवर लावतात हो. परजतात ती हवेत.

शिळोप्या: मग आमची आजी काय विळा हवेत फिरवत बसायची?