अनुभव धागा: पाहुण्यांसाठी भाजलेल्या भाज्यांचे गोड-तिखट स्टार्टर्स

ओवी (धागाकर्ती)

जेवणाआधी फिरवायला भजी-वडे नकोत, पण समोर ठेवल्यावर लोकांनी पुन्हा पुन्हा घ्यावं असं काही हवं, तर भाजलेल्या भाज्यांना तोड नाही. मात्र घरी केल्या की त्या बऱ्याचदा मऊ, ओलसर आणि फिक्या होतात. म्हणून हा धागा. तुम्ही भाजी कोणती घेता, केवढी चिरता, किती अंशांवर किती वेळ ठेवता, कुठे बिघडतं आणि का, हे लिहा. 'अंदाजाने' आणि 'चवीनुसार' शक्यतो टाळा. सुरुवात मी फ्लॉवरने करते.

८०० ग्रॅम तुरे, प्रत्येक साधारण ४ सेंटीमीटरचा. अळ्यांसाठी कोमट मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवतो ना, खरी अडचण तिथेच सुरू होते. तुऱ्याच्या आतल्या बारीक फटींत पाणी अडकतं आणि ते पुसून निघत नाही. तुरे पंचावर देठ वर, फूल खाली असे पालथे मांडून पंख्याखाली तासभर ठेवायचे. पंचा ओला झालेला दिसतो, इतकं पाणी उतरतं.

मग २ टेबलस्पून तेल आणि अर्धा चमचा मीठ चोळून २२० अंशांवर १५ मिनिटं नुसतेच भाजायचे. मसाला त्यानंतर: १५० ग्रॅम चक्का, २ टेबलस्पून कोरडं भाजलेलं बेसन, १ टेबलस्पून आलं-लसूण वाटण, २ चमचे काश्मिरी तिखट, १ चमचा धणेपूड, अर्धा चमचा मीठ, १ टेबलस्पून तेल. हा लेप लावून पुन्हा १० ते १२ मिनिटं, शेवटची ४ मिनिटं फक्त वरचा रॉड. कच्च्या फ्लॉवरला आधीच दही फासून मुरवत ठेवलं की मिठामुळे पाणी सुटतं आणि सगळा मसाला ट्रेवर उतरतो. बेसन कच्चं घेतलं तर पिठूळ चव येते, इतक्या कमी वेळात ते शिजत नाही.

शेगडी

ओटीजीवाल्यांसाठी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल हा लहान विजेचा ओव्हन असणाऱ्यांसाठी. ३० लिटरच्या ओटीजीच्या ट्रेवर ५०० ग्रॅमपेक्षा जास्त भाजी लावू नका. दोन फोडींच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा हवी. ट्रे भरून टाकला की फोडींतून निघालेली वाफ तिथल्या तिथे कोंडते, भाजी वाफवली जाते आणि रंग येतच नाही. लोक मग वेळ वाढवतात, त्याने भाजी फक्त लिबलिबीत होते.

ओटीजी रिकाम्या ट्रेसकट १५ मिनिटं तापवा. तेल लावलेल्या फोडी त्या गरम ट्रेवर पडल्या की चर्र आवाज आला पाहिजे. दर १० मिनिटांनी दार क्षणभर उघडून वाफ जाऊ द्या, लहान ओटीजीत याने खूप फरक पडतो. आणि आत ठेवायचा थर्मामीटर घ्याच. डायल २२० दाखवतो तेव्हा आत १९० असू शकतं, मग कुणाचीही कृती जुळत नाही.

काडीवर कांदा, सिमला मिरची, गाजर, बटाटा असं सगळं कच्चं ओवून भाजणं मला मुळीच पटत नाही. सिमला मिरची आणि कांदा १५ ते १८ मिनिटांत होतात, गाजराला ३० लागतात. एक कच्चं राहणार किंवा दुसरं करपणार. वेगवेगळं भाजा आणि नंतर काडीवर ओवा. मग काड्या भिजवायचीही गरज उरत नाही.

तीळगूळ

गोडाबद्दल लिहिते. लाल भोपळा, सोललेला, १ किलो, अडीच सेंटीमीटरच्या फोडी. २ टेबलस्पून पातळ तूप, अर्धा चमचा मीठ. २१० अंशांवर २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. तोवर ६० ग्रॅम गूळ १ टेबलस्पून पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. त्यात १ टेबलस्पून चिंचेचा घट्ट कोळ, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा मिरपूड आणि किंचित जायफळ. हे ब्रशने फोडींवर लावून आणखी ६ ते ८ मिनिटं. बाहेर काढल्यावर २ टेबलस्पून भाजलेले तीळ.

गूळ, साखर, मध यांतलं काहीही सुरुवातीला घालायचं नाही. भोपळ्यातलं पाणी जाईपर्यंत गूळ करपून कडू होतो आणि ट्रेला काळा थर बसतो. शेवटच्या काही मिनिटांत तो फक्त खदखदून फोडीला धरतो. चिक्कीचा गूळ घेऊ नका. गरम असताना उत्तम दिसतो, पण गार झाला की कडक होऊन दातांना चिकटतो, आणि पाहुण्यांपर्यंत ताट पोचेस्तोवर फोडी गार झालेल्याच असतात. साधा, मऊ गूळ घ्या.

आंबटपणा वगळू नका. चिंच नसेल तर आमचूर अर्धा चमचा. नुसता गूळ-भोपळा दोन फोडींनंतर नकोसा होतो.

हाच लेप गाजराला चालतो. केशरी गाजर आकार धरून राहतं. थंडीतलं लाल गाजर मुळात गोड आणि जास्त पाणीदार, त्याला गूळ निम्मा घ्या आणि भाजण्याचा वेळ ५ मिनिटांनी वाढवा.

राईनकाठ (जर्मनी)

इकडे होक्काइडो भोपळा मिळतो, तो सोलावा लागत नाही, सालीसकट मऊ होतो. तीळगूळ यांचा चिंच-गुळाचा लेप त्याला अगदी जुळतो. पास्टिनाक म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं दिसणारं मूळ. त्याचा जाड भाग उभा चिरून आतला दांडोरा काढा, तो चरबट लागतो. २०० अंशांवर २५ मिनिटं, शेवटच्या ५ मिनिटांत मध आणि मोहरीची भरड.

पंख्याच्या ओव्हनमध्ये कृतीपेक्षा २० अंश कमी ठेवायचं. दोन ट्रे एकदम लावले तर अर्ध्या वेळात त्यांची अदलाबदल करा. बेकिंग पेपरच्या डब्यावर तो किती अंश सोसतो ते छापलेलं असतं, बहुतेकदा २२०. त्यावर जायचं असेल तर कागद काढून ट्रेलाच तेल लावा.

पेणकर

भाज्या भाजून दहाजणांनी एकत्र बसून खायच्या, तर आमच्या रायगडात पोपटी आहे, म्हणजे मडक्यात शेंगा-भाज्या भरून आगीत भाजायच्या. वालाच्या शेंगा भरल्या की, म्हणजे थंडीत, शेतावर लावायची.

८-१० जणांसाठी: २ किलो वालाच्या शेंगा, १ किलो लहान बटाटे, अर्धा किलो रताळी, पाव किलो लहान कांदे, ६-७ लहान वांगी. वांग्यांना आणि बटाट्यांना चीर देऊन त्यात ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि मीठ यांचं वाटण भरायचं. शेंगांना ३ टेबलस्पून ओवा आणि ४ टेबलस्पून जाडं मीठ चोळायचं. वालाला ओवा हवाच, पोटालाही आणि चवीलाही.

मडकं टिचकी मारल्यावर खणखणीत वाजलं पाहिजे. बद्द वाजलं तर चीर आहे, आगीत फुटेल. तळाशी भांबुर्डी या उग्र वासाच्या रानवनस्पतीचा पाला, त्यावर शेंगांचा थर, मग बटाटे-रताळी-वांगी, पुन्हा शेंगा, असे थर दाबून दाबून भरायचे. तोंडाशी पाल्याचा जाड बोळा घट्ट कोंबायचा. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. शेंगा आणि पाला यांच्यातल्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती आणि वर पेंढा, वाळलेलं गवत, काटक्या रचून पेटवायचं.

साधारण अर्धा ते पाऊण तास. नंतर मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र होऊन लगेच उडाले की झाली. थेंब ओघळत खाली गेले तर अजून जाळ हवा. मडकं उघडून बघायचं नाही, वाफ गेली की पुढचं शिजत नाही.

बिघडतं ते तीन कारणांनी. मोठे बटाटे अख्खे टाकले की आत कच्चे राहतात, लिंबाएवढेच घ्या नाहीतर अर्धे करा. भरताना पोकळी राहिली तर खालचं करपतं, वरचं कच्चं. आणि जाळ एकाच बाजूला लागला तर तेवढीच बाजू जळते, वाऱ्याची दिशा बघून दुसऱ्या बाजूला पेंढा जास्त रचा. काढल्यावर केळीच्या पानावर ओतून गरम असतानाच खायची. अंडी-चिकन घालणाऱ्यांनी शाकाहारी मंडळींचं मडकं वेगळं लावावं.

उंबरठा

@पेणकर, भांबुर्डी शहरात मिळत नाही, काय करावं?

पेणकर

केळीची पानं फाडून तळाला आणि तोंडाला, आणि त्यात ओव्याची मोठी पानं मूठभर. भांबुर्डीचा वास येणार नाही, पण पोपटी शिजते व्यवस्थित.

जाईजुई

उपवासाच्या मंडळींसाठी रताळी. रताळ्यातला सगळाच गोडवा आयता नसतो, बराचसा भाजताना तयार होतो. आतलं पिष्ट (स्टार्च) साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान तिथल्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे) साखरेत बदलतं. म्हणून रताळं या टप्प्यातून जितकं सावकाश जाईल तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये ६ मिनिटांत शिजवलेलं रताळं फिकं लागतं ते याचसाठी.

२०० ग्रॅमची, शक्यतो एकसारख्या जाडीची रताळी धुऊन, पुसून, थंड ओव्हनमध्ये ठेवा आणि मग १५० वर लावा. ४५ मिनिटांनी २०० करा, आणखी २५ ते ३० मिनिटं. सालीतून चिकट तपकिरी पाक बाहेर आला की झालं. पूर्ण गार करून दीड सेंटीमीटरच्या चकत्या करा. गरम असताना कापल्या तर सुरीला लगदा लागतो. वाढायच्या आधी लोखंडी तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी २-२ मिनिटं.

तिखट चकतीवर: अर्धी वाटी शेंगदाण्याचं कूट, २ हिरव्या मिरच्या, १ चमचा जिरे, सैंधव, लिंबू, जाडसर वाटून. गोड चकतीवर: चक्क्यात खजूर ठेचून, वेलची आणि वर एक पिस्ता. दोन्ही शेजारी शेजारी मांडा, ताट लवकर रिकामं होतं.

कच्ची रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. आत गाठ धरते आणि ती कितीही भाजली तरी मऊ होत नाही.

उंबरठा

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांच्यासाठी भरताचे घास. हिरवी जळगावी वांगी १ किलो, तेलाचा हात लावून सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून थेट आचेवर. देठाजवळचा भाग शेवटी मऊ होतो, तिथे दाबून बघायचं. मग झाकून १० मिनिटं, म्हणजे साल सुटते. सोललेला गर चाळणीत २० मिनिटं निथळू द्या. हे केलं नाही तर भरीत भाकरीचा तुकडा भिजवून टाकतं. लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे तेलात परतून ठेचायचे आणि गरात मिसळायचे, वर कांद्याची पात.

खाली ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे दोन इंची तुकडे, मंद तव्यावर दाबून खाकऱ्यासारखे कडक केलेले. भरीत त्यावर अगदी वाढतानाच ठेवा.

पडवी (घरगुती ऑर्डर्स)

प्रमाणाचं लिहिते. नंतर जेवण असेल आणि तीन प्रकार असतील तर माणशी कच्ची भाजी १२५ ग्रॅम पुरते, २५ जणांना सव्वातीन किलो धरा. भाजून वजन साधारण एक तृतीयांश घटतं, मशरूमचं तर निम्म्यावर येतं. मशरूम आधी कोरड्या कढईत मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत हलवा. तेल-मीठ त्यानंतर.

भाजलेल्या भाज्या गरम असताना झाकणाच्या डब्यात भरू नका, खरपूसपणा दहा मिनिटांत जातो. जाळीवर गार करा. सकाळी ८० टक्के भाजून ठेवा आणि वाढायच्या वेळी २२० वर ६-७ मिनिटं. लिंबू, चाट मसाला, कोथिंबीर ओव्हनमधून काढल्यावरच. लसूण ठेचून घालायचा असेल तर शेवटच्या ५ मिनिटांत, आधी घातला की काळा आणि कडू.

बीट फॉइलमध्ये गुंडाळून २०० वर ५० ते ६० मिनिटं, गार करून सोलून चौकोनी तुकडे. बाकी कशाहीबरोबर एका ट्रेवर नको, सगळं गुलाबी होतं. वर दाण्याचं कूट, लिंबू, किंचित गूळ.

एक मात्र कळकळीने सांगते. तेलात बुडवलेला लसूण आणि फॉइलमध्ये गुंडाळलेले भाजलेले बटाटे किंवा बीट ओट्यावर तासन् तास ठेवू नका. हवा नसलेल्या जागी विषारी जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून कळत नाही. फॉइल लगेच उघडा, लसणीचं तेल त्याच दिवशी संपवा. दही-चक्क्याचे प्रकार दोन तासांपेक्षा जास्त टेबलावर नकोत.

शेगडी

पार्टीचे लहान बटाटे राहिलेच. १ किलो, अर्धे करून, २ लिटर उकळत्या पाण्यात १ टेबलस्पून मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून ८-१० मिनिटं. सोड्याने बटाट्याची वरची बाजू सैल होते. निथळून पातेल्यात जोरात हलवले की कडांना पिठूळ साय येते, तीच नंतर कुरकुरीत होते. ३ टेबलस्पून तेल, २२५ वर ४० मिनिटं, एकदा उलटून. वर लसणीचं तिखट किंवा मेतकूट भुरभुरा. मेतकूट ओव्हनमध्ये घालू नका, डाळी जळून कडवट होतात.

तीळगूळ

भेंडी ओव्हनमध्ये कुणी करतं का? माझ्याकडे चिकट राहते.

ओवी

धुऊन पूर्ण वाळल्यावरच चिरायची, उभी दोन भाग करून, कापलेली बाजू वर. अर्धा किलोला दीड टेबलस्पून तेल, २०० वर १८ ते २० मिनिटं, १२व्या मिनिटाला ट्रे हलवायचा. मीठ आणि आमचूर बाहेर काढल्यावर. आधी मीठ लावलंत तर तार सुटणारच. कोवळीच घ्या, टोक मोडल्यावर कट्‌ असा आवाज आला पाहिजे.