दोन्ही पाय आत वळलेलं दीड महिन्याचं लेकरू : मिशनच्या दवाखान्यात कधी न्यावं, काय तयारी करावी?

आशाताई_धारणी
नमस्कार. आमच्या भागात (मेळघाट) सहा आठवड्यांचं एक लेकरू आहे. दोन्ही पावलं आत वळलेली, तळवे एकमेकांकडं, टाचा वर ओढलेल्या. वजन साडेतीन किलो, दूध नीट पितं. घरच्यांना कुणीतरी सांगितलं की वर्षाचं होऊ द्या, मग मिशनच्या दवाखान्यात फुकट ऑपरेशन होतं. थांबावं का? फुकट म्हणजे नेमकं किती फुकट? आजीला अशीही शंका आहे की तिथं नेलं तर धर्म बदलावा लागेल. त्याच गावात सात वर्षांची एक मुलगी चवड्यांवर चालते. जन्मल्यावर उशिरा रडली होती, झटक्यांच्या गोळ्या चालू आहेत. तिच्या वडिलांनाही ऑपरेशनचं विचारायचं आहे.

प्लास्टर_रूम
ताई, थांबू नका. याच आठवड्यात न्या.

याला क्लबफूट म्हणतात. आता जगभर आधी पोन्सेटी पद्धतीनं प्लास्टर करतात, मोठं ऑपरेशन नाही. पहिल्या काही आठवड्यांत लेकराचे सांधे आणि नसा मऊ असतात, म्हणून प्लास्टर लवकर सुरू झालं तर थोडक्यात भागतं. वर्षानंतरही ही पद्धत चालते, पण प्लास्टरं जास्त लागतात आणि चालायला लागलेलं लेकरू धरून बसवणं अवघड होतं.

दर आठवड्याला पाऊल हातानं हळूहळू बाहेर वळवायचं आणि बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालायचं, गुडघा काटकोनात वाकवून. साधारण पाच ते सात प्लास्टरं. गुडघ्याखालीच घातलेलं प्लास्टर लेकरू लाथा मारून काढतं, म्हणून कुणी "छोटंच घालू" म्हणालं तर मान्य करू नका. आधी पावलाचा खोल बाक उघडतात, मग पाऊल बाहेर आणतात आणि टाच सगळ्यात शेवटी खाली आणतात. घाईनं टाच आधीच खाली दाबली तर पाऊल मध्येच मोडल्यासारखं होतं, तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. ते दुरुस्त करायला फार त्रास होतो.

पाऊल साठ-सत्तर अंश बाहेर वळलं, तरी टाच बहुधा वरच राहते. तेव्हा टाचेच्या मागची नस (रक्ताची नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) बारीक छेद घेऊन कापतात. याला टेनोटॉमी म्हणतात. दहातल्या आठ-नऊ लेकरांना ती लागते. जागा बधिर करून काही मिनिटांत होते, टाका बहुधा लागत नाही. मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, तेवढ्यात नस नव्या लांबीनं जुळून येते. घरच्यांना "नस कापली" हे ऐकून धक्का बसतो, म्हणून आधीच समजावून सांगा.

घरी नजर कशावर ठेवायची? बोटं दिसतायत ना. दिवसातून चार वेळा अंगठा दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. बोटं निळी, थंड किंवा सुजलेली दिसली, लेकरू थांबता थांबत नाही असं रडतंय, तर रात्र असली तरी जवळच्या केंद्रात जाऊन प्लास्टर काढून घ्या. काल दिसणारी बोटं आज आत गेली म्हणजे प्लास्टर घसरलं. तसंच राहू दिलं तर पाय पुन्हा चुकीच्या आकारात बसतो. आणि पुढच्या भेटीसाठी आदल्या रात्रीच भिजवून काढू नका, मिळवलेलं वळण रातोरात कमी होतं. दवाखान्यात पोचल्यावरच काढायचं.

धारणीहून सेमाडोहच्या घाटातून परतवाडा-अमरावती गाठायचं म्हणजे जाण्यायेण्यात दिवस मोडतो. अशा घरासाठी पाच-पाच दिवसांनी प्लास्टर बदलण्याची सोय आहे का, हे विचारा. त्याचे परिणाम आठवड्याच्या प्लास्टरइतकेच चांगले येतात. दवाखान्याजवळ राहायची जागा मिळाली तर पाऊल वळवायची प्लास्टरं महिन्याभरात उरकतात, मग शेवटचं तीन आठवड्यांचं तेवढं राहतं.

फिजिओ_वरुड
वरचं सगळं बरोबर. पण पाय बिघडतात ते बहुतेक वेळा नंतरच्या बुटांमुळे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

शेवटचं प्लास्टर निघालं त्याच दिवशी बूट-पट्टी (ब्रेस) चढायला हवी. "बूट पुढच्या आठवड्यात येतील" असं सांगितलं तर बूट येईपर्यंत प्लास्टरच ठेवायला सांगा. दोन बुटांमधली पट्टी लेकराच्या खांद्यांइतकी रुंद. दोन्ही पाय वाकडे असतील तर दोन्ही बूट साठ-सत्तर अंश बाहेर. एकच असेल तर चांगल्या पायाचा बूट तीस-चाळीस अंश. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, म्हणजे फक्त अंघोळीपुरते काढायचे. पुढे रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचं होईपर्यंत. पाय सरळ दिसायला लागले की घरचे बूट खुंटीला टांगतात, आणि अशा बहुतेक लेकरांचे पाय पुन्हा आत वळतात.

घालताना सुती मोजा घाला, गुडघा वाकवून टाच खाली दाबा, आधी मधला पट्टा घट्ट करा, मग बाकीचे. मागच्या छिद्रातून टाच टेकलेली दिसायला हवी. टाचेवर फोड आला तर बूट बहुधा सैल आहे, घट्ट नाही. लाल जागेवर तेल-मलम लावू नका, कातडी मऊ होऊन सोलते. पहिले दोन-तीन दिवस लेकरू रडतं. रडलं की काढायचं, हे त्याला एकदा कळलं की मग रोज लढाई. दोन्ही पाय एकत्र हलवायचा खेळ शिकवा.

मेळघाटात आणखी एक अडचण येते. घर कामासाठी बाहेरगावी जातं, बूट लहान होतात आणि तपासणी चुकते. कोरकू घरं होळीला गावी परततात, तेव्हाची एक तपासणी आताच लिहून ठेवा. आईला मराठी नीट येत नसेल तर कागद देऊ नका. दवाखान्यातच तिच्या हातानं तीनदा बूट घालून घ्या.

चालायला लागल्यावर पाऊल पुन्हा आत वळलं, तर परत प्लास्टर, आणि अडीच-तीन वर्षांनंतर पुढची एक नस बाहेरच्या बाजूला बसवतात. ते खरं भूल देऊन करायचं ऑपरेशन.

कागदपत्र_भाऊ
पैशांचं सांगतो.

'मिशन' आणि 'फुकट' हे शब्द आपल्याकडं एकत्र बोलले जातात, पण मिशनचे बहुतेक दवाखाने ट्रस्ट आहेत. बिल होतं, सवलत मिळते. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. ख्रिस्ती ट्रस्ट असो की दुसरा, कायदा एकच. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार लागतं. ते भरती व्हायच्या आधी समाजसेवा अधीक्षकांकडं द्या. डिस्चार्जच्या दिवशी दाखला आणायला पळणाऱ्यांची सवलत अडकते. लेकराचं नाव रेशन कार्डावर नसेल तर जन्मदाखला सोबत ठेवा.

महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्ड वापरायचं असेल तर ते रुग्णालय आणि तो उपचार दोन्ही यादीत आहेत का, हे आरोग्यमित्राला (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) आधी विचारा. परतवाड्याजवळ कोठारा इथं लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे, सीमेपलीकडं बैतुल जिल्ह्यात पाढरचं. दोन्ही नावं या भागात सगळ्यांना माहीत आहेत. पण पोन्सेटी प्लास्टर कुठल्या वारी होतं, बूट तिथंच मिळतात का, हे फोनवर विचारूनच निघा.

आणखी एक. क्युअर इंटरनॅशनल या ख्रिस्ती संस्थेनं १९९८ मध्ये केनियात किजाबे इथं अपंग मुलांचं रुग्णालय सुरू केलं. भारतात मात्र त्यांच्या शाखेनं सरकारी रुग्णालयांतल्या क्लबफूट क्लिनिकना हात दिला, प्लास्टरचं प्रशिक्षण आणि बूट पुरवले. म्हणून मिशनची पाटी शोधत लांब जाण्याआधी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तुमच्या पथकाला गाठा. क्लबफूट त्यांच्या यादीत आहे, जिल्हा रुग्णालयाकडं तेच पाठवतात. सहा-सात फेऱ्यांच्या उपचारात जवळचं ठिकाण मिळणं फार मोलाचं.

आजीची शंका रास्त आहे, मोकळेपणानं बोला. मिशनच्या दवाखान्यात सकाळी प्रार्थना होते, कुणी खाटेजवळ येऊन लेकरासाठी प्रार्थना करू का विचारतं. नको असेल तर नको म्हणायचं. सही घेतात ती उपचाराच्या संमतीवर. तो कागद मराठीत किंवा तोंडी समजून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये.

भूल_विभाग
मुलीला कधी भूल द्यायची झाली तर आधी सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी. आपल्या आदिवासी पट्ट्यात ही चुकवू नये. सिकलसेल असेल तर पाणी कमी पडणं, थंडी आणि ऑपरेशनवेळी रक्त थांबवायला पायाला बांधलेला पट्टा हे सगळं धोक्याचं ठरतं, पण आधी माहीत असेल तर तयारी करता येते. सहा महिन्यांखालच्या लेकरात साधी सोल्युबिलिटी तपासणी चुकून 'नाही' दाखवू शकते, म्हणून दीड महिन्याच्या लेकराचा तो कागद पुरेसा धरू नका. आईवडिलांचीही करा.

उपाशी ठेवणं : जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. रात्रीपासून कोरडं ठेवू नका. झटक्यांची सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत द्यायची की कसं, ते भूलतज्ज्ञांना विचारा. स्वतःहून बंद करू नका. ताप, खोकला किंवा छातीत घरघर असेल तर निघण्याआधी कळवा. तारीख पुढं जाते आणि भाडं वाया जातं. हिमोग्लोबिन महिनाभर आधी तपासा, कमी असेल तर वाढवायला वेळ मिळतो.

आशाताई_धारणी
खूप आभार. पथकाला आजच फोन करते. मुलीची फक्त टाचेची नस लांब करून भागेल का?

फिजिओ_वरुड
ताई, पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकलून पाहा, मग गुडघा वाकवून. वाकवल्यावर पाऊल वर येत असेल तर ताण पोटरीच्या वरच्या स्नायूत आहे, तेव्हा सरसकट टाचेची नस कापू नये. नस गरजेपेक्षा लांब झाली तर मूल गुडघे वाकवून खुरडत चालायला लागतं, आणि ते चवड्यांवर चालण्यापेक्षा वाईट. आधी खुब्यांचा एक्स-रे मागा. उशिरा रडणं, झटके आणि चवड्यांवर चालणं यावरून मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असू शकतो, आणि त्यात खुबा हळूहळू निसटतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. वडिलांना हेही विचारा की ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे प्लास्टर, मग स्प्लिंट (पायाला आधाराची पट्टी) आणि रोजचा व्यायाम घरी कोण करून घेणार. सोयाबीन काढणीच्या तोंडावर तारीख घेऊ नका.