'ऊँचा सुनना'ला मराठीत काय म्हणाल?

कानोसा: उर्दूभाषक प्रौढांच्या श्रवणचाचणीवरचा मजकूर मराठीत करतेय. त्यात सारखं 'मरीज़ ऊँचा सुनता है' येतं. 'उंच ऐकतो' हे हास्यास्पद वाटतं, 'बहिरा' फार टोकाचं. काय लिहू?

जुनी पोथी: इथे 'ऊँचा' म्हणजे मोठा आवाज, उंच पट्टी नव्हे. आणि गंमत बघा, वयोमानानं ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचेच ध्वनी जातात: स, श, उर्दूतला फ़. म्हणजे 'ऊँचा' ऐकणाऱ्याला उंचच ऐकू येत नाही! बाकी 'बहरा' आणि 'बहिरा' दोघे एकाच 'बधिर'चे वंशज.

श्रवणवाला: म्हणून तर नुसते सूर ऐकवून भागत नाही. आवाज कानावर पडतो, शब्द निसटतो. त्यासाठी शब्दांची चाचणी. निम्मे शब्द, म्हणजे ५० टक्के, बरोबर परत म्हणता येतील असा सर्वांत हळू आवाज आधी शोधतात. मग आरामात ऐकू येईल इतक्या आवाजात २५ किंवा ५० शब्दांची यादी देऊन किती ओळखले ते मोजतात. मजकुरात 'स्पाँडी' आलंय का?

कानोसा: आलंय! तेच विचारणार होते.

जुनी पोथी: ग्रीक छंदातला शब्द. आपल्या भाषेत गुरु-गुरु.

श्रवणवाला: इंग्रजीत 'बेसबॉल'सारखे, दोन्ही अक्षरांवर सारखा जोर असलेले शब्द. उर्दूत असा आघात नाही. तिथे घरोघरचे दोन अक्षरी शब्द घ्यायचे आणि सगळे साधारण सारख्याच आवाजाला कळतात ना, हे आधी तपासायचं.

कानोसा: आणि निम्मे शब्द कळतात त्या आवाजाच्या पातळीला काय म्हणू? 'सीमा' की 'उंबरठा'?

जुनी पोथी: उंबरठा. सीमेशी वाट संपते, उंबरठ्यातून आत येता येतं.

परभणीकर: मधेच घुसतो. आमच्याकडच्या दखनी उर्दूत 'क़लम'ला 'ख़लम' म्हणतात. तसं म्हटलं तर गुण कापणार का?

श्रवणवाला: कापू नये. तो बोलीतला उच्चार आहे, कानाचा दोष नाही. कराचीतही पुष्कळजण 'कलम'च म्हणतील. पण हे तपासणाऱ्याला माहीत हवं, नाहीतर चांगला कान कागदावर नापास होतो. उत्तर लिहून घेतलं तरी तीच काळजी: ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोए ही चार अक्षरं, उच्चार एकच 'ज़'. तिथे शुद्धलेखन तपासत बसायचं नाही. हिंदीची यादी जशीच्या तशी उचलणं तर मला पटतच नाही; क़, ख़, ग़ त्यात नीट येतील याची खात्री काय?

कानोसा: ठरलं. 'मोठ्यानं बोललं तरच ऐकू येतं' असं लिहिते.

जुनी पोथी: चालेल. पण 'ऐकू येतं'च्या जागी 'कळतं' लिहू नका. तो फरक मोजायलाच तर दुसरी यादी आहे.

परभणीकर: आमचे नाना तो फरक एका दमात सांगायचे: "आवाज़ आरा, बात समझ में नै आरी."