मूडल ३.९ वरून ४.५ वर जायचंय, ऑफलाइन क्विझ बंद पडेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी वाणिज्य शाखेला शिकवते आणि कॉलेजचं मूडलही (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि परीक्षा चालवायची प्रणाली) मीच सांभाळते. आमची साइट अजून ३.९ वर आहे, आणि मूडल ज्या भाषेवर चालतं ती पीएचपी ७.४. गड्ड्याची यात्रा संपली की अंतर्गत परीक्षा लागतात, त्याआधी ४.५ वर जायचंय. ४.५ ला ऑक्टोबर २०२७ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. शिवाय त्यात उपविभाग आलेत, त्याची मला फार गरज आहे. सध्या एकेका घटकाखाली वीस-पंचवीस गोष्टी साठल्यात आणि मुलं नुसती खाली सरकवत बसतात.

होस्टिंगवाल्यांनी आमच्या साइटची प्रत काढून थेट ४.५ चढवून पाहिलं, पण ते पुढे सरकेना. मग मी वेगळी कोरी ४.५ लावून तिथे नवी क्विझ केली. यंदा विभागाने २० मिनिटांची मर्यादा घालायला सांगितलंय, तीही घातली. आणि पाहते तर ॲपमधून ऑफलाइन सोडवू देण्याचा पर्याय करडा झालेला, खूणच करता येईना. नव्या आवृत्तीत ही सोय काढलीय का?

मला हे फार महत्त्वाचं आहे. पूर्व भागातल्या एका विद्यार्थिनीचे वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. तिच्याकडे भावाचा जुना फोन आहे, काच तडकलेली, सिमकार्ड नाही. ती कॉलेजच्या वायफायवर क्विझ उतरवून घेते, रात्री आईला हातभार लावून झाला की सोडवते आणि सकाळी गेटातून आत आली की आधी उत्तरं पाठवते. अशी आणखी बरीच मुलं आहेत. उपविभाग नसले तरी चालतील, पण यांची वाट बंद होता कामा नये.

दुसरं, काही जण म्हणतात सरळ ५.० घ्या. काय करू?

प्रतिसाद १
मॅडम, सोय काढलेली नाही. वेळेची मर्यादा घातली की तो पर्याय आपोआप बंद होतो, आणि हे जुन्या आवृत्तीतही असंच आहे. मर्यादा काढा, प्रश्न क्रमानेच सोडवायची सक्ती असेल तर तीही काढा आणि उत्तरांचा निकाल शेवटी दिसेल असं ठेवा. क्विझ बंद व्हायची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची द्या, म्हणजे सकाळी येऊन पाठवणारी मुलं सुटणार नाहीत.

४.५ वर यायला आधी किमान ४.१.२ लागतं, म्हणून थेट उडी बसली नाही. ७.४ वरच ४.१ ची शेवटची दुरुस्ती चढवा, मग पीएचपी ८.१ करा, मग ४.५. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर तोही ८.० लागेल. प्रत्येक टप्प्याआधी डेटाबेस आणि मूडलडेटा (साइटवर चढवलेल्या फाइली असतात ते) फोल्डर, दोन्हींचा बॅकअप घ्या.

प्रतिसाद २
५.० ची घाई नको. त्यात प्रश्नपेढीची रचनाच बदललीय. अख्ख्या साइटच्या किंवा वर्गवारीच्या पातळीवरची पेढी जाऊन ती कोर्समध्ये आलीय. परीक्षेच्या तोंडावर सगळ्या शिक्षकांना ते नव्याने शिकवत बसावं लागेल. सुट्टीत बघा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. मर्यादा काढली आणि खूण झाली! फोन विमान मोडवर टाकून दहा प्रश्न सोडवले, वायफाय लावल्यावर उत्तरं पोचली. विभागप्रमुखांशी उद्याच बोलते. मर्यादा हवीच असेल तर ती परीक्षा कॉलेजच्या संगणक कक्षात घेऊ, घरी सोडवायच्या क्विझला नको. ४.१ चा टप्पा रविवारी प्रतीवर करून इथेच कळवते.